दिवसा चालायचं, पहाटे थांबायचं: एका सिको फाइव्हचं प्रकरण

अण्णांचं घड्याळ मनगटावर चालायचं आणि उशाशी थांबायचं. "दिवसभर कामाला असतं, रात्री झोपतं," असं ते सांगायचे. एकदा त्यापायी दापोलीची पहाटेची एसटी चुकली, तेव्हा त्यांनी ते काढून कपाटात ठेवलं, ते वीस वर्षं तिथेच राहिलं. गेल्या मे महिन्यात आम्ही गावी गेलो असताना माझ्या नव्या छंदाची, घड्याळदुरुस्तीची, गोष्ट निघाली. अण्णा, म्हणजे माझे सासरे, उठून आत गेले आणि रुमालात गुंडाळलेलं घड्याळ आणून माझ्या हातात ठेवलं. "बघ तुला जमतं का. नाही जमलं तर परत दे. पण जे आहे ते आहे तसं राहू दे."

मला या नादाला लागून तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. पुढे सहा महिने जे काही केलं ते त्यांच्या या शेवटच्या वाक्याला धरून केलं. त्यातली एक चूक सोडली, तर.

घड्याळ

सिको फाइव्ह, स्टीलची केस, निळी डायल, चावी नेहमीच्या तीनवर नाही तर चारच्या आकड्याशी, केसमध्ये अर्धी बुडालेली. सिको या जपानी कंपनीने ही मालिका १९६३ मध्ये काढली तेव्हापासून हीच तिची खूण आहे. घड्याळ ऑटोमॅटिक, म्हणजे चावी फिरवायची गरज पडू नये, म्हणून चावी बाजूला सरकवून लपवलेली. या घड्याळाला हाताने चावी देताच येत नाही. मनगट हललं की आतला अर्धवर्तुळाकार रोटर फिरतो आणि तोच घड्याळ चालवणारी मेन स्प्रिंग गुंडाळतो. पुढचं सगळं प्रकरण या एका गोष्टीभोवती फिरतं.

मागच्या झाकणावर ७००९ हा मशीनचा क्रमांक आणि खाली सहा आकडी नंबर, ३४ ने सुरू होणारा. सिकोचा हिशेब सोपा आहे: पहिला आकडा सालाचा शेवटचा अंक, दुसरा महिना. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरला आकड्याऐवजी ओ, एन, डी ही अक्षरं. दशक कुठे लिहिलेलं नसतं, ते मशीनवरून ताडायचं. ७००९ए १९७३ मध्ये आलेलंच नव्हतं, आणि १९९३ मध्ये अण्णा आखातातून परतून गावी बागेत काम करत होते. म्हणजे एप्रिल १९८३. अण्णा १९८२ मध्ये पाइप फिटर म्हणून कुवेतला गेले आणि पुढच्या वर्षाच्या शेवटी फहाहीलच्या बाजारातून हे घेतलं. जपानमधून निघून तिथे पोचायला तेवढे महिने लागले असतील.

दुसरा पुरावा डायलवरच होता. वाराच्या खिडकीत एकदा इंग्रजी आणि एकदा अरबी वार येतो. आखातात विकायच्या घड्याळांत सिको अशी चकती घालत असे. कोकणातल्या किती घरांत अरबी वाराची घड्याळं आजही असतील, ते त्या घरांनाच ठाऊक.

मी ते पुण्यात एका दुकानात नुसतं दाखवायला नेलं होतं. काउंटरवरच्या माणसाने झाकण न उघडताच सांगितलं, "मशीन बदलून टाका, डायल नवीन मारून देतो, केसला बफिंग करू, नवंकोरं होईल." मला ते ऐकून पोटात खड्डा पडला. जगभरच्या संग्राहकांमध्ये 'मुंबई स्पेशल' हा शब्द रूढ आहे. जुन्या घड्याळाची डायल खरवडून, भडक रंग मारून, त्यावर जाडसर अक्षरांत नाव छापून विकलेलं घड्याळ, असा त्याचा अर्थ. आपल्या शहराचं नाव या गोष्टीला चिकटलंय याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण याच शहरांतल्या घड्याळजींनी पिढ्यान्‌पिढ्या नुसत्या पेट्रोलवर आणि नजरेवर लाखो घड्याळं चालती ठेवली आहेत. रंग मारलेल्या डायलचा मूळ रंग परत येत नाही. घड्याळ घेऊन मी घरी आले.

उघडण्याआधी

अण्णांच्या घड्याळाला हात लावण्याआधी मी पुण्याच्या जुन्या बाजारातून ७००९एचीच दोन मेलेली मशीन आणली. रविवारी सकाळी लवकर गेलं तर तिथे पथारीवर डब्यातच पडलेली असतात. हे मशीन सोळा आण्यांचं सरावाचं मशीन आहे: १७ ज्वेल (चाकांची टोकं ज्यांत फिरतात ते खडे), रचना सुटसुटीत, स्क्रू थोडे, आणि आपल्याकडे सुटे भाग मिळतात. पहिलं मशीन मी चार वेळा खोललं आणि चार वेळा जोडलं. त्यातच बॅलन्सच्या, म्हणजे मागेपुढे झुलणाऱ्या चाकाच्या, खड्यावरची डायशॉकची (धक्का झेलणारी) स्प्रिंग चिमट्यातून उडाली. साखरेच्या दाण्याहून लहान वस्तू, ती परत सापडली नाही. त्यानंतर ती स्प्रिंग सोडवताना मशीन आणि दोन्ही हात पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालूनच काम करते. उडाली तरी पिशवीतच राहते.

दुसरं मशीन मी खोललं नाही. सुट्या भागांसाठी राखून ठेवलं, आणि ते किती शहाणपणाचं ठरलं ते पुढे येईल.

पहिलं निदान

आधी मोजमाप. टाइमग्राफर हे छोटं यंत्र घड्याळाची टिकटिक ऐकून तीन गोष्टी सांगतं: दिवसाला किती सेकंद पुढे-मागे, दोन ठोक्यांमधला फरक, आणि बॅलन्स किती अंश झुलतो. हा झोका म्हणजे घड्याळाची नाडी. ७००९ए तासाला २१,६०० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला ६. ठोके बरोबर असूनही झोका लहान असला, तर शक्ती कुठेतरी वाटेत मरते आहे.

झाकण उघडायला चिकट रबरी चेंडू पुरला. आत रोटरच्या कडेचा चंद्रकोरीसारखा ओरखडा झाकणाच्या आतल्या अंगावर उमटला होता. रोटरचं बेअरिंग थोडं सैल झालं की तो झाकणाला घासतो. ही नोंद करून ठेवली.

आता प्रश्न असा: घड्याळ पहाटे थांबतं, त्याची कारणं तीन असू शकतात. एक, रोटर स्प्रिंग पुरेशी गुंडाळतच नाही. दोन, स्प्रिंग गुंडाळली जाते, पण बॅरलमध्ये, म्हणजे तिच्या डबीत, घसरते. ऑटोमॅटिक घड्याळात स्प्रिंगचं बाहेरचं टोक पक्कं अडकवलेलं नसतं. ते बॅरलच्या भिंतीला दाबून धरतं आणि स्प्रिंग पूर्ण भरली की जरा सरकतं, नाहीतर हात हलत राहिला तर स्प्रिंग तुटेल. तीन, स्प्रिंगमध्ये जोर आहे, पण चाकांच्या वाटेत तो खर्च होतो.

हे वेगळं करायची एक साधी युक्ती आहे. रोटर बाजूला ठेवायचा आणि बॅरलवरच्या रॅचेट चाकाचा स्क्रू हळूहळू घड्याळाच्या दिशेने फिरवायचा. स्प्रिंग थेट गुंडाळली जाते. पूर्ण भरली की बोटाला बारीकसा 'टक' जाणवतो, तेच ते घसरणं. मी पूर्ण भरली आणि मशीन टेबलावर ठेवलं. झोका १६५ अंश. मशीन १८ तासांनी थांबलं. रोटरचा यात काही संबंधच नव्हता, तरी निम्मी ताकदही टिकली नाही. म्हणजे पहिलं कारण बाजूला, आणि दुसरं किंवा तिसरं, किंवा दोन्ही.

खोलल्यावर उत्तर डोळ्यांसमोर होतं. कधीतरी कुणीतरी मशीन न खोलताच वरून तेल सोडलं होतं. चाकांच्या टोकांभोवती मधासारखा तपकिरी थर, बॅलन्सच्या खड्यात तेलाचं डबकं, आणि दोन चाकांच्या टोकांना अक्षरशः वाळलेल्या डिंकाची कड. तेल जास्त झालं की ते जागेवर राहत नाही, पसरतं, धूळ धरतं आणि वर्षांनी लुकण होतं. वंगण म्हणून घातलेली वस्तूच ब्रेक लावत होती.

धुण्याबद्दल फार लिहीत नाही, एक गोष्ट सोडून. चाकांना ठोक्याठोक्याने अडवणाऱ्या-सोडणाऱ्या पॅलेटचे खडे लाखेने चिकटवलेले असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. बाकीचे भाग नाफ्थ्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवले तरी चालतं, पॅलेट आणि बॅलन्स त्यात ठेवायचे नाहीत. प्रत्येक खड्याचं छिद्र टोकदार काडीने फिरवून स्वच्छ केलं, काडी पांढरी निघेपर्यंत. एका छिद्रासाठी सात काड्या लागल्या.

तेलाचं मात्र सांगायलाच हवं, कारण अण्णांच्या घड्याळाचं नुकसान तेलानेच झालं होतं. जलद फिरणाऱ्या नाजूक टोकांना पातळ तेल, मोबियस ९०१०. सावकाश आणि जोराने फिरणाऱ्या चाकांना जाड, एचपी १३००. पॅलेटच्या खड्यांच्या टोकाला ९४१५. पॅलेटच्या स्वतःच्या टोकांना काहीच नाही, ती कोरडीच चालतात. आणि बॅरलच्या भिंतीला ८२१७, हे वंगण घसरवायला नसतं, धरून ठेवायला असतं. तेलाच्या सुईच्या टोकावर जेवढं राहतं तेवढा थेंब, लूपमधून (डोळ्याला लावायच्या भिंगातून) पाहिलं की खड्याच्या वाटीत टोकाभोवती बारीक वर्तुळ दिसायला हवं आणि वाटीचा काठ कोरडा राहायला हवा. पहिल्या तीन चाकांना मी तेल जास्त दिलं, ती परत धुतली.

जोडून पुन्हा स्क्रूने स्प्रिंग भरली. झोका २३५ अंश. टेबलावर डायल वर ठेवून ४१ तास चाललं. ४१ हा आकडा वहीत लिहिताना हात थरथरत होता.

गणपतीतली पहाट

रोटर बसवून मी ते आठवडाभर स्वतःच्या हातात घातलं. तीनदा पहाटे थांबलं, चार ते पाचच्या दरम्यान.

मला वाटलं, दोष माझ्या हातात आहे. दिवसभर मी संगणकापुढे बसते, मनगट टेबलावर टेकलेलं. अण्णा पाइप फिरवणारे, पाना मारणारे, नंतर बागेत कोयता चालवणारे. हे स्पष्टीकरण इतकं पटण्यासारखं होतं की मी ते तपासलंच नाही. गणपतीला गावी गेलो तेव्हा घड्याळ अण्णांना दिलं.

पाच दिवसांचा गणपती. पहिल्या दिवशी माटोळीची बांधाबांध, नारळ सोलणं, आणि रात्री वाडीभर घरोघर आरत्या. अण्णा झांजा वाजवतात, आणि ते वाजवायला लागले की सहजासहजी थांबत नाहीत. त्या रात्री अकरापर्यंत त्यांचा डावा हात एक क्षण स्वस्थ नव्हता. पहाटे उठून पाहिलं तर काटे चार वाजून चाळीस मिनिटांवर उभे.

अण्णा एवढंच म्हणाले, "अगं, पूर्वीसारखंच." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, त्यामुळे मला जास्त लागलं.

पण याच रात्रीमुळे प्रकरण सुटलं. झांजा वाजवणाऱ्या हातावरही घड्याळ त्याच वेळेला थांबत असेल तर हात कमी हलतोय हे कारण असूच शकत नाही. आणि टेबलावर ते ४१ तास चाललेलं असल्यामुळे चाकं, तेल, बॅरल यांत दोष नाही. उरलं एकच: रोटर आणि बॅरल यांच्यामधला दुवा. लक्षण जुनंच होतं म्हणून रोगही जुनाच असेल, असं मी धरून चालले होते.

सिकोचा हा दुवा म्हणजे मॅजिक लिव्हर, १९५९ मध्ये आणलेली रचना. रोटरमुळे एक चाक फिरतं, त्यावर मध्यापासून जरा बाजूला एक खुंट असतो, आणि खुंटात अडकवलेली पातळ पोलादी लिव्हर. तिला चिमट्यासारखी दोन बोटं, आणि त्या बोटांमध्ये बारीक दात्यांचं चाक. रोटर डावीकडे फिरो वा उजवीकडे, खुंट लिव्हरला पुढे-मागेच ढकलतो. पुढे जाताना एक बोट दाता ढकलतं, मागे येताना दुसरं बोट दाता ओढतं. चाक मात्र एकाच दिशेने पुढे जातं. इतक्या कमी भागांत इतकं काम करणारी गोष्ट मी दुसरी पाहिली नाही.

तपासणी रॅचेटच्या स्क्रूवरच केली, त्याची खाच म्हणजे आयतीच सुई. स्प्रिंग पूर्ण उतरलेली असताना रोटर बोटाने पन्नास फेरे फिरवला. खाच सरकली, पण थांबत थांबत: सरके, थांबे, सरके, थांबे. मग स्प्रिंग स्क्रूने अर्धीअधिक भरली आणि पुन्हा पन्नास फेरे. खाच हलली नाही. दोन्ही दिशांना फिरवून पाहिलं, तेच. सैल स्प्रिंग थोडीफार गुंडाळली जात होती, घट्ट व्हायला लागली की लिव्हर दात्यांवरून घसरत होती. म्हणून कितीही हात हलवा, घड्याळात अर्ध्या रात्रीपुरतीच शिदोरी भरायची. दरवेळी जवळपास तीच वेळ का, तेही कळलं.

मशीन पुन्हा खोललं. लिव्हर काढून काचेच्या तुकड्यावर सपाट ठेवली आणि शेजारी जुन्या बाजारातल्या मशीनची लिव्हर ठेवली. बाजारातली काचेला सगळीकडून टेकत होती. अण्णांच्या लिव्हरचं ओढणारं बोट टोकाला केसभर उचललेलं होतं, आणि त्याखालून उजेडाची एक रेघ दिसत होती. ते बोट चाकाच्या दात्यांशी न बसता चाकाच्या वर चढून बसत असणार. एक बोट वर चढलं की सगळी लिव्हर तिरकी होते आणि दुसऱ्या बोटाची पकडही अर्धी राहते.

हे आधीपासून होतं की मी केलं? खोलताना काढलेले फोटो मोठे करून पाहिले. फोटोत दोन्ही बोटं चाकाला सपाट बसलेली होती. म्हणजे हा दोष जुना नव्हता. धुताना लिव्हर काडीने घासली तेव्हा मी माझ्या एका बोटाने दाबून धरली होती, तिथेच वाकली. इतका पातळ पोलाद परत सरळ करायला गेलं की तुटतो, म्हणून मी तो प्रयत्नच केला नाही. बाजारातली लिव्हर धुऊन बसवली. ब्रिज, म्हणजे वरची पट्टी, खाली टेकवण्याआधी दोन्ही बोटं चाकाच्या दोन बाजूंना सपाट आल्याची खात्री लूपमधून तीनदा केली. अण्णांची मूळ लिव्हर छोट्या पुडीत घालून वर तारीख लिहून ठेवली आहे.

पुन्हा तीच तपासणी: अर्धी भरलेली स्प्रिंग, पन्नास फेरे. खाच सलग सरकली. त्यानंतर सलग अकरा दिवस माझ्याच, टेबलावर टेकलेल्या मनगटावर ते घड्याळ एकदाही थांबलं नाही. दिवसाला ८ सेकंद पुढे.

जे हात न लावता ठेवलं

काच बदलली. मूळची हार्डलेक्स काच मध्यभागी इतकी ओरबाडलेली होती की अण्णांना, डोळ्यांत मोतीबिंदू असताना, वार वाचता येत नव्हता. मूळ काचही पुडीत आहे. झाकणाचं रबर बदललं, कारण कोकणातली दमट हवा त्यातूनच आत जाऊन डायलवर पाचच्या आकड्याशी तीन तपकिरी ठिपके पडले आहेत. ठिपके ठेवले.

केसला बफिंग केलं नाही. सात वाजण्याच्या बाजूच्या कानावर, म्हणजे पट्टा अडकतो त्या टोकावर, आडवा, खोल ओरखडा आहे. त्याबद्दल विचारलं तेव्हा अण्णांनी पहिल्यांदाच मला १९९० सांगितलं. ऑगस्टच्या २ तारखेला इराकी रणगाडे कुवेतमध्ये आले. पुढे कित्येक आठवड्यांनी बसमधून बसरा, बगदाद, वाळवंट, मग अम्मान. तिथून एअर इंडियाची विमानं रांगेने भारतीयांना आणत होती, जवळपास १ लाख ७० हजार माणसं अशी परत आली. बसच्या टपावर सामान चढवताना पत्र्याला हात घासला, तो हा ओरखडा. चामडी भरून आली, स्टीलवरची खूण राहिली. बफिंगच्या चाकाने ती अर्ध्या मिनिटात गेली असती, आणि तिच्याबरोबर कडांची धारही.

रोटरचं बेअरिंग मात्र सैलच आहे. सध्या झाकणाला लागत नाही, पण हात झटकला की बारीक खरखर ऐकू येते. चांगलं बेअरिंग असलेला रोटर हाती लागेपर्यंत दरवर्षी झाकण उघडून नवा ओरखडा पडलाय का ते पाहायचं ठरवलं आहे.

दिवाळीत घड्याळ परत दिलं. जोडताना मी वार इंग्रजीत लावला होता. अण्णांनी चष्मा लावला, चावी नखाने एक टप्पा बाहेर ओढली आणि अरबी अक्षरं खिडकीत येईपर्यंत फिरवली. आता सकाळी रेडिओचे ठोके ऐकून ते सेकंदकाटा पाहतात आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीने आकडा लिहितात. परवा फोटो पाठवला होता. दूध आणि गॅस सिलिंडरच्या नोंदींच्या मधे ओळीने ७, ९, ८, ८, १०.